जाताना रिकामी, येताना भरलेली

आप्पा कुणाचीही सॅक नीट हातात घेत नसत. दोन बोटांनी उचलत. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावा तशी ती अंगापासून लांब धरत, नाकपुड्या फुगवत आणि विचारत, "ह्ये काय हाय?"

समोरचा बिचारा सांगे, "सॅक आहे, आप्पा. ट्रेकिंगची. ऑनलाइन मागवलीय."

"शी! ह्यात म्या वांगी बी न्हेणार न्हाई." एवढं बोलून ते ती त्याच्या पायाशी सोडून देत. मग पुढची दहा मिनिटं त्या सॅकची अशी चिरफाड चाले की मालकाला ती पुन्हा पाठीला लावायची लाज वाटावी. पट्टा कुठे शिवलाय, फोम कसा पापडासारखा आहे, कंबरेचा पट्टा नुसता शोभेचा कसा आहे. शेवटी मालक विचारे, "मग तुम्ही शिवून द्याल का?" आप्पा मशीनवर वाकत आणि म्हणत, "बघू."

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून तुम्ही कधी पायी गेला असाल, तर असे गाळे पाहिलेच असतील. एका बाजूला लेथची किरकिर, समोर पावडर कोटिंगचा उग्र वास, आणि मध्येच जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत कुणीतरी भलतंच काहीतरी करत बसलेलं. आप्पा तसे बसलेले असत. मूळचे चाकणजवळच्या गावचे. आधी जमीन कंपनीत गेली, मग तिच्यामागून तेही गेले, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला. वीसेक वर्षं कव्हरांचे गठ्ठे उचलून मणका सरकला, तेव्हा नारळ मिळाला. "पाठ गेली तवा कळलं, पाठ काय चीज असती," असं ते सांगत. त्यानंतर त्यांनी जन्माचा एकच उद्योग धरला. दुसऱ्याची पाठ जाणार नाही अशी सॅक शिवायची.

त्यांचं एक शास्त्र होतं. ओझं खांद्याने न्यायचं नसतं, कंबरेने न्यायचं. खांद्याने ते नुसतं धरायचं. गिऱ्हाईक आलं की ते त्याला आधी मान वाकवायला लावत. मानेखालचं टोकदार हाड अंगठ्याने चाचपून तिथे दोऱ्याचं एक टोक धरत, कंबरेच्या हाडावर दुसरं टोक आणत आणि दोऱ्याला गाठ मारत. हे त्या माणसाचं माप. उंची विचारायची त्यांना गरजच वाटत नसे. "उंटाची मान लांब असती, पाठ न्हाई," असं एका सहाफुटी माणसाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

दुसरा प्रश्न ठरलेला, आत काय नेणार? भांडी का दोर, पाणी किती, ओलं का कोरडं. त्यावर जड वस्तू पाठीला लागून कुठे बसेल ते ते ठरवत. सॅक शिवून झाली की शेजारच्या लेथवाल्याकडचे रिजेक्ट लोखंडी तुकडे गोणपाटात गुंडाळून त्यात भरत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "चढ." तीन मजले वर, तीन मजले खाली, पाच वेळा. खाली आल्यावर "कशी वाटते?" असं कधीच विचारत नसत. थेट म्हणत, "शर्ट काढ." मग उजेडाकडे वळवून खांद्यावरचे लाल वळ बघत. बायका आल्या की हे काम मावशी, म्हणजे आप्पांची बायको, पडद्याआड करत. वळ दिसला की सॅक उसवायची, पुन्हा शिवायची.

माणच्या आयटी पार्कातला एक इंजिनिअर मोबाइलवर यादी घेऊन आला होता. त्याला सॅकमध्ये मोबाइल चार्ज करायची सोय हवी होती. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोंगरात कुणाला चार्जिंग करणार? माकडाला?" पण त्याच माणसाच्या डाव्या खांद्याचं हाड जरा वर आहे हे त्यांनी हात लावल्याबरोबर ओळखलं आणि डावा पट्टा बोटभर लांब ठेवला. तो इंजिनिअर पुढे प्रत्येक दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचा.

आप्पांना सगळ्याचीच शिसारी होती असं नव्हे, पण एका गोष्टीची फार होती. मावशींचं माहेर एका गडाच्या पायथ्याला. बऱ्याच वर्षांनी दोघं गडावर गेली, तर पाण्याच्या कोरीव टाक्यात लहान मुलाचं वापरलेलं डायपर फुगून तरंगत होतं. बाजूला वेफर्सच्या पिशव्या, बिर्याणीचे डबे, त्यावर माश्या. "त्याच टाक्याचं पानी आमी ओंजळीनं प्यालो व्हतो रं," एवढंच ते म्हणत आणि पुढचं वाक्य गिळत. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक सॅकला खाली एक जादा कप्पा असे, कचरा परत आणायला. लोक त्यात मोबाइल ठेवत. हे कळलं की आप्पा भिंतीकडे तोंड करून "शी, शी" करत बसत.

मी परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो, अजून पर्मनंट व्हायचा होतो, आणि भोसरीत एका खोलीत चौघं राहत होतो. सुट्टीच्या दिवशी डोंगर नाहीतर आप्पांचा गाळा, एवढंच माझं जग. माझी सॅक त्यांनी तीनदा उसवली होती. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी काही तीनदा केलेलं मला आठवत नाही. घरून फोन आला की पहिला प्रश्न पर्मनंटचाच असे, आणि फोन ठेवल्यावर मी आप्पांकडे जाऊन बसे. ते काही विचारत नसत. मशीन थांबवून चहा सांगत, "दोन, आन् ह्याच्यात साखर जास्त."

आता मुद्द्याचं सांगतो. सांगताना अजूनही तोंड कडू होतं.

आमच्या कंपनीत एक शिफ्ट इन्चार्ज होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. गोड बोलणारा, हसतमुख, वाढदिवस लक्षात ठेवणारा माणूस. माझ्या पर्मनंटच्या कागदावर त्यांची सही लागणार होती. एक दिवस कॅन्टीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले आणि मोबाइल पुढे केला. "बघ, रविवारची कामगिरी."

मोटरसायकलच्या आरशाला पाय बांधून लटकवलेले चार ससे. पुढचा फोटो भेकराचा, आमच्याकडे त्याला कुणी छोटं हरीणच म्हणेल. जीभ बाहेर, डोळा उघडा, त्यावर माशी. साहेबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बरोबर जखमेवर. माझ्या ताटात पोहे होते.

"मजा असते रे. मित्र आहेत आपले तिकडचे, बंदोबस्त असतो. जंगलात चाललं की डोकं कसं शांत होतं."

मी म्हणालो, "भारी आहे, सर."

कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. नुसतं गप्प बसता आलं असतं, "मला जेवू द्या" म्हणता आलं असतं. मी भारी आहे म्हणालो आणि ते पोहेही संपवले. स्वतःची किळस पहिल्यांदा आली ती त्या दिवशी, आणि तेव्हा मला वाटलं होतं की ही एकदाच येणारी गोष्ट आहे.

दोन आठवड्यांनी त्यांनी बसमध्ये माझी सॅक पाहिली. म्हणाले, "तुझी मस्त बसते रे पाठीला. माझी परदेशी आहे, महागडी, पण येताना खांद्याची सालटी निघतात. कुठून घेतलीस?"

मी सांगितलं. एवढंच नाही, सुट्टीच्या दिवशी त्यांना स्वतः घेऊन गेलो.

आप्पांनी त्यांची परदेशी सॅक दोन बोटांनी उचलली, बाजूला ठेवली, दोरा घेतला आणि मान वाकवायला सांगितली. साहेबांनी नम्रपणे वाकवली. मग नेहमीचा प्रश्न आला.

"आत काय न्हेणार, सायेब?"

"जाताना काही नाही, आप्पा. पाणी, चार चपात्या. रिकामीच म्हणा ना."

"मंग?"

"येताना भरलेली. पंधरा-वीस किलो. कधी त्याहून जास्त."

आप्पांचा हात थांबला. इतकी वर्षं येणारा प्रत्येकजण जाताना भरलेली आणि येताना रिकामी सांगायचा. हा उलटा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"ओलं असतं," साहेब पुढे म्हणाले. "गळायला नको. वास बाहेर यायला नको. आतलं अस्तर काढून धुता आलं पाहिजे. तोंड मोठं हवं. कापडाचा सळसळ आवाज नको, बकलचा खट्ट आवाज नको. आणि रंग असा की लांबून दिसायला नको."

"लोकास्नी कळाया नको," आप्पा हळूच म्हणाले.

"अगदी बरोबर. कशाला कुणाला कळायला हवं?"

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. तो चेहरा मी विसरलेलो नाही. एखाद्या गरीब घरात अचानक चांगलं स्थळ चालून यावं तसा तो झाला होता. "म्हंजी फोटू न्हाई, बोंबाबोंब न्हाई. गुपचूप जायाचं आन् घिऊन यायाचं," ते म्हणाले. "सायेब, तुमी डोंगरावरला कचरा गोळा करताय व्हय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षण. मग हसले.

"असंच काहीसं. डोंगर साफ करतो म्हणा."

मी समोरच्या खोक्यातली बकलं मोजायला लागलो. प्लॅस्टिकची काळी बकलं, मी ती खरंच मोजली. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. साहेब मात्र निर्धास्त होते. मी बोलणार नाही हे त्यांना माझ्याही आधी कळलं होतं.

ती सॅक शिवायला आप्पांना तीन आठवडे लागले. आयुष्यात त्यांनी एवढी मेहनत कशावर घेतली नसेल. आवाज होऊ नये म्हणून प्लॅस्टिकची बकलं काढून चामड्याचे जाड पट्टे आणि लाकडी गुंड्या बसवल्या. चेन ठेवली ती फक्त तोंडाला, रुंद. वरचं कापड चार वेळा धुऊन मऊ केलं. आतल्या अस्तराला रेक्झिन आणि त्याच्या शिवणीवर मेण, थेंब बाहेर यायला नको. ओलं ओझं तळाला बसतं आणि माणसाला मागे खेचतं, म्हणून त्यांनी आत आडवी पट्टी शिवली, ती आवळली की माल वर, पाठीला चिकटून राही. मग त्यात ओलं गोणपाट आणि लोखंड भरून, डॉक्टरांनी पाच किलोच्या वर उचलू नका सांगितलेल्या या माणसाने ती स्वतःच्या पाठीला लावली आणि जिना चढला. मावशी खालून ओरडत होत्या, "आवो, मरायचंय का?"

"आगं, त्यो मानूस दुसऱ्याची घाण व्हातोय," वरच्या मजल्यावरून उत्तर आलं, "मला त्याचं वझं नगं का कळाया?"

साहेबांनी मजुरी विचारली तेव्हा आप्पांनी कानाला हात लावला. "ह्या कामाची मजुरी घेतली तर हाताला किडं पडत्याल."

साहेबांनी आग्रहही केला नाही. सॅक पाठीला लावली, कंबरेचा पट्टा आवळला, दोन पावलं टाकली आणि म्हणाले, "आप्पा, जादू आहे तुमच्या हातात." हे मात्र ते खरं बोलले.

त्यानंतर आप्पांच्या गाळ्यात बसणं मला जड जायला लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्या साहेबांची गोष्ट सांगत. ऑनलाइन सॅक घेऊन आलेल्या पोरांना झापत, "एक मानूस बघा, जाताना रिकामा जातो आन् येताना तुमची घाण घिऊन येतो. आन् तुमी!" मग माझ्याकडे वळत. "ह्यानंच आणला त्येला. ह्याचाच सायेब." पोरं माझ्याकडे आदराने बघत. मी चहाच्या पेल्यात बघे. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी आठवायचं की कागद अजून साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे. शेवटी मी जाणंच कमी केलं. ओव्हरटाइम आहे, असं सांगायचो.

काही महिन्यांनी साहेबांनी कंपनीत मला एक काळी प्लॅस्टिकची पिशवी दिली. "सॅक आहे. चेन अडकते. आप्पांकडून करून आण ना."

बसमध्ये मी ती पायाशी ठेवली होती. मोशीपर्यंत शेजारचा उठून पुढे जाऊन बसला. मला त्याचा राग आला नाही. तो वास मी नेमका सांगू शकत नाही. खाटकाच्या दुकानाचा वास माणसाला ओळखीचा असतो, त्यात काही लपवलेलं नसतं. हा वास बंद करून ठेवलेला होता, त्यावर अत्तर मारलेलं होतं, आणि त्या अत्तराखालून तो वर येत होता.

आणि मी काय केलं? खोलीवर नेऊन ती बाथरूममध्ये धुतली. बाकीचे तिघं शिफ्टला होते. अर्धी बाटली फिनेल ओतलं आणि जुन्या टूथब्रशने घासत बसलो. तपकिरी पाणी मोरीतून जाईना, कारण जाळीवर केस साठले होते. ते मी बोटांनी काढले. ओकारी आली, तोंड धुतलं, पुन्हा घासायला बसलो. साहेबांची घाण आप्पांना दिसू नये म्हणून मी ती धूत होतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी माझीच धूत होतो.

आप्पांनी ती सॅक दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली. "फिनेल कशाला मारलंय रं?" एवढंच विचारलं. चष्मा चढवला आणि चेनच्या दातांत सुई घातली. एक केस निघाला. मग गुंतवळ निघालं, तांबूस, चरबीत घट्ट झालेलं. त्यांनी एक केस सुटा केला, बोटांत धरून वाकवला. तो मोडला.

"बोकडाचा केस वाकतो," ते म्हणाले. "ह्यो मोडला, आतनं पोकळ. ह्यो भेकराचा हाय."

त्यांनी अस्तराच्या गुंड्या सोडल्या, ते उलटं केलं आणि तळाच्या घडीत, जिथे माझा ब्रश पोचला नव्हता, तिथे बोट घातलं. काळं, घट्ट, चिकट काहीतरी निघालं आणि त्यात एक खूर होता. अंगठ्याच्या नखाएवढा. पिल्लाचा असणार. आप्पांनी तो तळहातावर घेतला. मग ते उठले, बाहेर गेले आणि गटाराच्या कडेला वाकून ओकले. मणक्यामुळे त्यांना नीट वाकताही येत नव्हतं, एक हात भिंतीला लावून ते ओकत राहिले. लेथवाला मशीन बंद करून धावत आला.

परत आले तेव्हा डोळे लाल होते. तो खूर मुठीत तसाच होता.

"तुला म्हाईत व्हतं?"

तुम्ही म्हणाल, आता तरी. मीही हे कितीदा स्वतःला म्हटलंय.

"नाही, आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहायलाही बसलो नसतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बरोबर मानेखालच्या हाडावर. "तुला बी फशिवला व्हय रं त्यानं," ते म्हणाले, आणि लेथवाल्याला चहा आणायला पाठवलं. माझ्यासाठी. त्यांना वाटलं, पोराला धक्का बसलाय.

चहा त्यांनी स्वतः घेतला नाही. सॅक समोर ठेवून बसले. "जादू हाय म्हनला हाताला," एकदाच पुटपुटले आणि हात साबणाने धुऊन आले. थोड्या वेळाने पुन्हा धुऊन आले. मग म्हणाले, "वनखात्याच्या हापिसात जायचं. ही सॅक, ह्ये केस, ह्यो खूर, समदं द्यायचं. तू बरुबर ये. म्या त्येला नुसतं सायेबच म्हनलो, नाव कंदी इचारलं न्हाई. तुला म्हाईत हाय."

एवढं एकच काम होतं माझं. नाव सांगायचं.

"उद्या माझी शिफ्ट आहे, आप्पा."

"मंग परवा."

"परवाही आहे. हा पूर्ण आठवडा सेकंड शिफ्ट आहे."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मला वाटलं, कळलं. आता कळलं त्यांना. पण ते म्हणाले, "तुजा कागुद त्याच्याकडंच हाय न्हवं? व्हय. म्या बी येडाच. तुजी नोकरी जायाची उगा. ऱ्हाऊंदे, म्याच जातो. म्हातारं मानूस हाय, काय करत्याल मला?"

कागदाच्या कपट्यावर नाव लिहून देता आलं असतं. पेन माझ्या खिशालाच होतं, क्वालिटीवाल्यांच्या खिशाला ते असतंच. मी उठलो आणि निघून आलो.

पुढचं सगळं मला लेथवाल्याकडून कळलं, कारण मी त्या गाळ्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही. आप्पा तीनदा त्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सॅक आणि बाकीचं ठेवून घेतलं, सगळं लिहून घेतलं. प्रत्येक वेळी एवढंच विचारलं की माणसाचं नाव काय, राहतो कुठे, कंपनी कुठली. पहिल्या दोन्हींचं उत्तर आप्पांना माहीत नव्हतं. तिसऱ्याचं होतं, पण त्यावरून माझ्यापर्यंत पोचता आलं असतं, म्हणून ते त्यांनी सांगितलं नाही. "पोराचं नाव येईल," असं ते लेथवाल्याला म्हणाले.

साहेबांना मी सांगितलं, आप्पा आजारी आहेत, गाळा बंद आहे, सॅक आत अडकलीय. त्यांनी खांदे उडवले. दुसऱ्या महिन्यात माझ्या कागदावर सही झाली. घरी आईने पेढे वाटले. वर्षभराने साहेब दुसऱ्या कंपनीत गेले. निरोपाच्या समारंभात मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्दही बोललो.

आप्पांनी सॅक शिवणं बंद केलं होतं. टेंपोच्या ताडपत्र्या तेवढ्या शिवत. कुणी सॅक घेऊन आलं तर हात जोडत, तिच्याकडे बघतही नसत. दोन उन्हाळे गेले आणि ते गेले. दहाव्याला मी गेलो होतो, मागे उभा राहिलो. मावशींनीच मला ओळखलं, जवळ बोलावलं. म्हणाल्या, "तुजी लई आठवन काढायचे. म्हनायचे, त्या पोराला आपल्यामुळं तरास नगं." मी मान हलवली. तिथेही मी मानच हलवली.

पण मला आप्पा आठवतात ते यातल्या कुठल्याच जागी नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खूर निघाला त्याच आठवड्यात, सेकंड शिफ्टच्या बसमधून. मोशीच्या सिग्नलला बस थांबली. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर नुसते कंटेनर. खिडकीबाहेर, हातभर अंतरावर, बसथांब्याच्या पत्र्याखाली आप्पा उभे होते. धुतलेलं धोतर, टोपी, पायाशी सिमेंटची रिकामी गोणी आणि त्या गोणीत ती सॅक. वनखात्याच्या कार्यालयात निघाले होते. पहिल्यांदा. एक हात कंबरेवर, मणका दुखत होता हे मला कळत होतं.

त्यांनी वर पाहिलं आणि मी दिसलो. त्यांचा चेहरा उजळला. मी उतरेन, असं त्यांना क्षणभर वाटलं असावं, कारण त्यांनी गोणी उचलली आणि अर्धं पाऊल पुढे टाकलं. मग माझ्या अंगावरचा कंपनीचा शर्ट त्यांना दिसला. त्यांनी गोणी खाली ठेवली, मनगटावर बोट टेकवलं, आणि हाताने खूण केली, जा, जा, उशीर होईल.

माझ्या पुढच्या सीटवर साहेब बसले होते. बाहेर कुणीतरी हात हलवतंय एवढंच त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं असावं. मोबाइलमधून मान न उचलता त्यांनी विचारलं, "कोण रे?"

"कोणी नाही, सर," मी म्हणालो, आणि खिडकीचा पडदा ओढला.